चौकोनी बाटलीतलं पाणी

बाटल्या एकोणचाळीस होत्या. सोळा काळपट हिरव्या, अकरा औषधांच्या, सात सोडावॉटरच्या, पाच अत्तराच्या. चाळिसावी माझी नव्हती, आणि यादी अडली होती ती तिच्यापायी.

मुंबईच्या एका संग्रहालयाला जुन्या बाटल्यांचं वर्णन हवं होतं. ते पसंत पडलं तर साहाय्यकाची जागा मिळणार होती. पहिली यादी परत आली, कारण चाळिसाव्या बाटलीचा 'आत किती मावतं' हा रकाना कोरा होता. नवी यादी उद्याच्या टपालाने जायला हवी होती.

"बी.एस्सी. झालास नि बाटल्या गोळा करतोयस," आई म्हणाली. "हे कॉलेजात न जाताही जमलं असतं हो."

बाटली राजिवड्याच्या फातिमाची. चौकोनी, तळाकडे निमुळती, जोडाची रेघ नाही. तोंडाने फुंकून केलेली, शंभर वर्षांपूर्वीची तरी. तिचा नवरा अली आगबोटीवर खलाशी. निघताना तो तिच्यात खाडीचं पाणी भरी आणि बुचावर लाख लावी. परतला की ती लाख स्वतःच फोडी. त्यांच्या घरची ही सासूपासूनची रीत. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. फातिमाची पत्रं मीच लिहीत असे, म्हणूनच तिने बाटली दिली.

"आजच्या दिवस ठेवा, मास्तर. पण बूच काढायचं नाही हां."

"बाहेरून माप येत नाही, फातिमाबी. काच कुठे किती जाड, कळत नाही."

"मग नको येऊ दे."

बाटली कोमट लागली. तिने पदराखालून आणली होती, म्हणून असेल. पण टेबलावर सावलीत तीन तास ठेवूनही ती कोमटच. मी थर्मामीटर काचेला लावून वर कापूस बांधला. खोली ७९ अंश फॅरनहाइट, काच ९८.

थर्मामीटर बिघडला असं धरून दुसरा लावला. ९८.

विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बाटली तासभर बुडवून ठेवली. बादलीतलं पाणी चार अंशांनी चढलं. बाटली ९८.

आत काही आंबत असेल, तर उष्णता अशी एका आकड्यावर थांबणार नाही. दुसरं कारण सुचेना. चार वाजले होते, रकाना कोराच होता. मी चिडलो आणि चाकूने लाख फोडली.

फसफस नाही, वास नाही. पाणी मापात ओतलं: साडेबावीस औंस. एक थेंब जिभेवर ठेवला. खारट, खाडीचंच. सगळं पाणी परत भरलं, बूच बसवलं, मेणबत्तीवर लाख वितळवून लावली. रंगही जुळला. रकाना भरला.

पाचाला फातिमा पडवीत आली.

"झालं काम, मास्तर?"

"झालं."

"बूच?"

"जसंच्या तसं."

"मी रोज गालाला लावते ती," ती हसून म्हणाली. "सासू सांगायची, हात लाव, म्हणजे खबर कळते. पत्राची वाट कशाला बघायची?"

तिने हात पदराला पुसून पुढे केले.

"जरा बसा," मी म्हणालो. आत आलो. थर्मामीटर काचेला लावला, कापूस बांधला, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो.

बाहेरून बांगड्या वाजल्या. "द्या ना वो."

खोली ७९. काच ७९.