भिंतीआडचे ठोके

आमचे हे, डिगोरी नॅनकिव्हेल, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आले तेव्हा अंगावरचा कोटही उसना होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या या उजाड माळावर त्यांनी तांब्याची खाण काढली, गाव वसवलं आणि मग विधानसभेला उभे राहिले. मतदान तोंडावर आलं असताना खाणीतला जुना बोगदा ढासळला. आत चौघे अडकले. त्यांत माझा पाठचा भाऊ जॉरी.

दुसऱ्या दिवशी दरडीआडून ठोके ऐकू आले. माणसं पहारी घेऊन धावली. यांनी अडवलं.

"कॉर्नवॉलचे ना रे तुम्ही? बुटके ठोकतायत ते! अजून दरड येणार म्हणून सांगतायत. चला वर!"

जमिनीखालच्या या बुटक्या भुतांना आमचे खाणकामगार फार मानतात. डब्यातल्या मांसाच्या करंजीचा शेवटचा तुकडा त्यांच्यासाठी टाकतात. सगळे टोप्या काढून मुकाट वर आले. बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधली. हे निवडून आले. यांचा स्वतःचा बुटक्यांवर विश्वास होता की नव्हता, देव जाणे.

मी रोज विनवायचे, "भिंत फोडा. माती तरी मिळू दे त्याला."

"आणि लोकांना काय सांगू? चुकलो म्हणून?"

पुढच्या वर्षी हिवाळ्यात विधानसभेच्या कामासाठी आम्ही राजधानीत, अॅडलेडला, राहायला गेलो. तिथे जेवणघरात फरशीखालून ठोके येऊ लागले. आधी मी उंदीर म्हटलं, मग नळ. फरशी उचलून पाहिली. खाली नुसती माती. हे खुर्ची हलवायचे, ठोके मागोमाग सरकायचे.

एका दुपारी खाणीचे मुकादम ट्रेमबाथकाका जेवायला आले. ठोके ऐकून त्यांचा काटा हातातच राहिला.

"पोरी," ते मला म्हणाले, "जॉरी दार असंच वाजवायचा गं."

हे खुर्ची मागे सारून उठले. "फोडा ती भिंत," एवढंच म्हणाले.

खाणीवर परतल्यावर कुणाचं न ऐकता मीही खाली उतरले. पहिली वीट निघाली.

आत दरड पलीकडून पोखरलेली होती आणि तिघांची हाडं होती.

जॉरी भिंतीला टेकून बसला होता. बोटांच्या पेरांवर कातडी नव्हती.

"झालं समाधान?" हे मागून म्हणाले.

मी जॉरीचा हात हातात घेतला. तो अजून कोमट होता.