टेकडीवरचा बदलीवाला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तिथे होतो, एवढंच सांगतो.

गेल्या ऑक्टोबरमधला शनिवार. नेदरलँड्सचं दक्षिण टोक, हेरलेनच्या बाहेर. भर दुपार.

मी रुचिर. आइंडहोव्हनला चिप बनवायच्या मशीनवर काम करतो. तेव्हा एक मशीन काही केल्या चालू होत नव्हतं. झोप कसली ती नव्हतीच.

ऑफिसमधला यूप म्हणाला, "चल माझ्याबरोबर शिकारीला. बंदूक माझ्याकडे, तू नुसता चाल. डोकं हलकं होईल."

"त्यापेक्षा झोप काढ ना रे," संपदा म्हणाली. माझी बायको.

ऐकायला हवं होतं.

यूप त्याच भागातला. त्याचे आजोबा कोळशाच्या खाणीत होते. खाणी कधीच बंद झाल्या, आत पाणी भरलं. वर राहिल्या टेकड्या. त्याही खऱ्या नाहीत... खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ढीग. आता त्यांवर झाडं वाढलीत.

सकाळभर चिखल तुडवला. फेझंट शोधत होतो, म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडाच. यूपची कुत्री पिप हुंगत पुढे. अखेर एक पक्षी फडफडत उठला. यूपने बार काढला. पक्षी टेकडीपलीकडे पडला. पिप धावली, तिच्यामागे यूप.

माझे पाय उचलेनात.

"मी बसतो रे इथेच," म्हणून एका दगडावर टेकलो.

आणि मग... सगळं गप्प झालं.

पाखरं गप्प. खालच्या हायवेची घरघरही बंद.

ठक्... ठक्...

पायांखालून.

मला वाटलं, माझंच डोकं ठणकतंय. डोळे मिटले. उघडले, तर शेजारी एक माणूस बसलेला.

चेहरा काळाकुट्ट माखलेला. कपडे निथळत होते. पाऊस तर नव्हता...

खरं सांगतो, तेव्हा भीती वाटली नाही. तो इतका दमलेला दिसत होता. माझ्याहून दमलेला.

त्याने काहीतरी विचारलं. माझं डच सुपरमार्केटपुरतं. एकच शब्द कळला... 'आफ्लोसर'. अर्थ माहीत नव्हता. न कळलेल्या प्रश्नाला आपण परदेशात जे म्हणतो, तेच मी म्हणालो.

"या, या." हो, हो.

त्याने लांब श्वास सोडला. जणू कित्येक वर्षांनी.

पलीकडे पिप भुंकली. मी तिकडे बघितलं, परत वळलो...

शेजारी कोणी नव्हतं. दगड ओला होता.

यूप आला, रिकाम्या हाताने. पिप त्या दगडाजवळ येईना. शेपूट पोटात घालून कण्हत राहिली.

"यूप, आफ्लोसर म्हणजे काय?"

"बदलीवाला. खाणीत पुढच्या पाळीला येणारा माणूस. तो आल्याशिवाय आधीचा जागा सोडत नसे. का रे?"

मी सांगितलं.

यूपने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात घातली. "आणि तू हो म्हणालास?"

आणि पिपला घेऊन तो तडक गाडीकडे निघाला.

दोन-तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"रुचिर, तू टेकडीवर आलायस का?"

"नाही रे. घरी आहे. संपदा समोर बसलीये."

मागे पिप रडत होती.

"मग दगडावर हा कोण बसलाय? पाठमोरा... अगदी तुझ्यासारखा..."

"यूप, तिथून निघ."

"थांब. तो वळतोय. काहीतरी विचारतोय मला..."

"उत्तर देऊ नकोस!"

फोन कट झाला. पुन्हा लावला, लागला नाही.

सोमवारी यूप ऑफिसला आला. धडधाकट. फक्त डोळे खोल गेलेले. कॉफी मशीनपाशी त्याला गाठलं.

"काय म्हणालास तू त्याला?"

त्याने कप खाली ठेवला.

"फार दमला होता रे बिचारा," एवढंच म्हणाला.

कोण दमला होता, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.