जर्सी न उतरवण्याची शर्यत

एका तांब्याच्या किटलीसाठी आम्ही हार्दांगरचं बर्फाळ पठार ओलांडायला निघालो होतो! दर ईस्टरला आमच्या स्की-मंडळाची ही शर्यत असते. पलीकडच्या लाकडी झोपडीत जी टोळी आधी पोहोचेल, तिच्याकडे किटली वर्षभर राहते. अट एकच, मंडळाची जाड लोकरी जर्सी वाटेत अंगावरून उतरवायची नाही. उतरवली की टोळी बाद! असले नियम करणाऱ्यांना स्वतःला कधी खाज सुटत नसावी.

म्होरक्या होता ओस्मुन मामा. त्याची मुलगी सिग्ने आणि मी, मारित, त्याच्या मागे. मामाने त्या किटलीचा नुसता ध्यास घेतला होता. घरी चुलीवरची तिची जागासुद्धा ठरलेली होती.

यंदा ऊन असं रणरणत होतं, की बर्फाकडे बघवत नव्हतं. पाठीवरच्या ओझ्याखाली जर्सी घामाने चिंब झाली. सिग्ने थांबून थांबून काखा खाजवू लागली. मी तिची कॉलर ओढून आत पाहिलं. मानेपासून पाठभर लालभडक पुरळ, आणि पट्ट्यांखालची कातडी सोलवटलेली!

"मामा, जर्सी काढू दे तिला. अंग धुऊन कोरडं करायला हवं."

"घामोळंच तर आहे! घामाने कोणी मेलंय का गं?" त्याने चरबीच्या मलमाची डबी पुढे केली. "हे चोप. आणि लक्षात ठेव, हवा कधी वाईट नसते, कपडे वाईट असतात."

हे वाक्य आमच्याकडे बाळगुटीबरोबरच पाजतात. मला अशी तिडीक आली! त्या चिकट मलमाने घाम आतच कोंडला आणि पुरळ आणखी फुललं. सिग्ने रडत नव्हती, पण वाटेत खायला आणलेल्या संत्र्याची एक फोडही तिने तोंडात घातली नाही.

पुढे गोठलेलं तळं लागलं. ओढा जिथे तळ्याला मिळतो, तिथला बर्फ या दिवसांत आतून पोकळ होतो, म्हणून सगळे वळसा घालून जातात. पण काठी टेकवताना दरवेळी सिग्नेची काख घासत होती. तिला आता एक पाऊलही जास्तीचं नको होतं. ती सरळ निघाली.

"सिग्ने! मागे फिर!"

कड्कन आवाज झाला. बर्फ फुटला! ती कमरेपर्यंत आत गेली!

"हात वर कर! काठी धर!" मामा ओरडला.

"नाही उचलवत, बाबा! हात उचलवतच नाही!"

मामा पोटावर आडवा झाला. सरपटत पुढे गेला. मी त्याचे पाय घट्ट धरले. त्याने तिच्या ओझ्याचा पट्टा पकडला. ओढ! अजून ओढ! पट्टा त्या सोलवटलेल्या खांद्यात रुतला आणि ती अशी किंचाळली, की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

काठावर तंबूच्या कापडाखाली तिला घेतलं. ओली जर्सी अंगाला चिकटून बसली होती. मामाचा हात कमरेच्या सुरीवर गेला आणि तिथेच थबकला. त्याही क्षणी किटली!

"कपडे वाईट आहेत, मामा!" मी कडाडले. "तूच म्हणतोस ना? मग काप!"

त्याने खालपासून वरपर्यंत जर्सी उभी चिरली. थर्मासमधल्या कोमट पाण्याने आम्ही ते मलम धुतलं, अंग न घासता अलगद टिपलं, ओली विजार काढून माझा पातळ सैल सदरा तिला घातला आणि झोपायच्या पिशवीत गुंडाळलं. हळूहळू तिची थरथर थांबली.

"थोडं पाणी उरलंय का?" मामाने हलकेच विचारलं आणि स्वतःची जर्सी उतरवली. त्याची पाठ पाहून मी हबकले. नव्या पुरळाखाली जुने काळे डाग होते.

"दर ईस्टरला?"

"दर ईस्टरला. वाटायचं, आपलीच कातडी नाजूक. कोणी बोलतच नाही ना."

"आणि तरी पोरीला मलम चोपायला सांगितलंस?"

तो उतरवलेल्या जर्सीची घडी घालू लागला. माझा राग मात्र तसूभरही उतरला नाही.

झोपडीत आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोहोचलो. पेटलेल्या शेगडीभोवती सगळे जर्सी घालून बसले होते. विजयी टोळीचा म्होरक्या दोन्ही हातांनी किटली मिरवत उभा होता. मामा पातळ सदऱ्यात दारात थांबला.

"बाद आहोत आम्ही," तो म्हणाला. "पण खरं सांगा, या जर्सीत कोणाकोणाच्या अंगाची आग होते? हात वर करा."

कोणी हललं नाही. मग विजयी म्होरक्याने किटली हळूच खाली ठेवली आणि हात वर केला.