चालेल

दुपारच्या शांततेत फ्रिजवरची डबी ‘टुक्’ करून वाजली. रेवा मांडीवर नुकतीच झोपली होती, म्हणून हेमांगीने डबीकडे नुसते डोळे वटारले. डबीने तिच्या नावाने आणखी एक मत दिलं होतं. कशावर, हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं.

शहराचे निर्णय आता नगरसेवक घेत नसत. रस्ता कुठून न्यायचा, पाणी कधी सोडायचं, भटक्या कुत्र्यांचं काय करायचं, प्रत्येक प्रश्न थेट घरात येई. लोक लवकरच कंटाळले, आणि मग ‘छायामत’ आलं. घरातलं बोलणं ऐकून ऐकून डबी तुमचा स्वभाव शिके, आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर तुम्ही काय म्हणाला असता ते ओळखून स्वतःच मत देई. शेजारीण न विचारता तुमच्या चहात साखर कमी घालते ना, तसंच.

हेमांगीला ही सोय फार आवडली. आम्हाला बाई राजकारणातलं काही कळत नाही, असं ती हळदीकुंकवात जरा मिरवूनच सांगे. नवऱ्याने एकदा कचरा डेपोचा विषय काढला, तेव्हा तिने त्याला भेंडी चिरायला बसवलं होतं.

थोड्या वेळाने बालवाडीच्या सुनेत्राताईंचा फोन आला. गल्लीच्या टोकाची बालवाडी हायवेपलीकडे जाणार होती आणि त्या जागेवर गाड्या उभ्या राहणार होत्या. मघाशीच मत झालं, म्हणाल्या.

बालवाडीच्या अंगणातून हेमांगीची गॅलरी दिसायची. तिथे ती रोज सकाळी लाल टॉवेल वाळत घाले. टॉवेल आहे म्हणजे आई आहे, हा मायलेकींचा करार होता, आणि त्या टॉवेलच्या जोरावरच रेवा आताशा कुठे रडायची थांबली होती.

झोपलेल्या पोरीला खांद्यावर आणि डबीला काखेत घेऊन हेमांगी खाली गेली. तळमजल्यावर खरातकाका राहत. डबीला माणसाचा स्वभाव शिकवण्याची युक्ती त्यांचीच. निवृत्त झाले तरी बिघडलेल्या डब्या सगळी सोसायटी त्यांच्याकडेच आणे. त्यांनी हेमांगीची डबी संगणकाला जोडली.

“बालवाडी हलवायला हो कुणी म्हटलं, काका?”

“खरं सांगू? एकाही जिवंत माणसाने नाही. ही सगळी छायामतं आहेत. त्यात तुझंही आहे.”

“मी असं कधी म्हणाले?”

काकांनी डबीची शिकवणी, म्हणजे तिने ऐकून टिपून ठेवलेलं हेमांगीचं बोलणं, उघडून दाखवली. सासूबाई म्हणाल्या होत्या, दिवाळीला तुम्ही इकडेच या. चालेल. पोह्यांवर कोथिंबीर नाही. चालेल. नळवाला आज नाही, उद्या येतो. चालेल. नणंदेची मुलं सुट्टीभर राहतील. चालेल. यातून डबी एवढंच शिकली होती, की हिला सगळं चालतं.

“अहो, पण ते चालेल म्हणजे… चालेल नसतं.”

“ते तुला ठाऊक, मला ठाऊक. हिला कुणी सांगितलंच नाही.”

सूर्य मावळेपर्यंत मत बदलता येत होतं. हेमांगी डबीवर वाकली आणि ‘नाही’ म्हणाली. डबी अदबीने म्हणाली, आवाज आपला आहे, पण हे मत आपलं वाटत नाही. हेमांगीने जोरात ‘नाही’ म्हटलं. आपल्यावर कुणी दबाव आणत आहे का, डबीने काळजीने विचारलं.

काका खिडकीबाहेर बघू लागले. सुरुवातीला नवरे बायकांकडून हवं तेच मत वदवून घेत, म्हणून त्यांनी डबीत ‘स्वभावखूण’ घातली होती. माणूस अचानक स्वभावाविरुद्ध बोललं, तर ते धाकाने बोलतंय असं समजून डबी जुनंच मत ठेवी. बायकांच्या भल्यासाठीच घातली गं, असं ते पुटपुटले.

“पण मी दिवसभर नाही-नाहीच करत असते, काका.”

काकांनी पुन्हा शोधलं. “आहेत की, ढीगभर आहेत. मोबाईल नाही. चिखलात नाही. आता गोष्ट नाही.” त्यांनी यादी शेवटपर्यंत सरकवली. “सगळी रेवाला आहेत, हेमांगी. मोठ्या माणसाला एकही नाही.”

हेमांगीचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून काकांनी चहाचं विचारलं. साखर संपली होती, बिनसाखरेचा ठेवू का, म्हणाले. तिच्या ओठांवर ‘चा’ आलंसुद्धा. डबीचा दिवा उत्सुकतेने लुकलुकला, तसं तिने तोंड घट्ट मिटलं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. खांद्यावर हालचाल झाली. रेवा केव्हाची जागी होती कोण जाणे. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“आई, ‘नाही’ फक्त मलाच म्हणायचं असतं?”