नवरीला कुणी विचारलं?

लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या थांब्यावर पावसात निथळणारा ऑब्री चक्क एक लोखंडी पिंप पोटाशी धरून बसमध्ये चढला.

कंडक्टर यूनिस अवाक! “अहो, तेलाचं पिंप घेऊन कुठे निघालात?”

“पिंप नाही बाई, वाद्य आहे.” त्याने नुसत्या बोटाने टकटक केली... आणि त्या लोखंडातून असा गोड सूर उमटला, की यूनिस तिकीट फाडायचंच विसरली.

“त्रिनिदादचे ना? तरीच! नुसता आवाज.”

“आणि तुम्ही बार्बाडोसच्या. तरीच नुसती शिस्त! हसणार कधी?”

ती हसली—पण खिडकीकडे तोंड फिरवून.

मग दोन-दोन बस सोडून तो तिच्याच बसची वाट बघू लागला. हिवाळा सरेपर्यंत दोघं ‘तू’वर आली. आणि एक दिवस ती हळूच म्हणाली, “आईनं बार्बाडोसला परत बोलावलंय. पुढच्या महिन्यात जहाज आहे.”

एरवी अखंड बडबडणारा ऑब्री पुढच्याच थांब्यावर उतरून गेला.

त्या रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. यूनिसही आली होती. नाच ऐन रंगात आलेला. ऑब्रीने वादन थांबवलं. “मंडळी, येत्या शनिवारी माझं लग्न आहे. नवरी—यूनिस!”

टाळ्यांचा कडकडाट. यूनिसच्या हातातलं आल्याचं सरबत कपड्यांवर सांडलं. तशीच ती थेट स्टेजवर चढली.

“मंडळी, नवरीला हे आत्ताच कळतंय!”

हॉलभर हशा. ती मात्र हसत नव्हती. “मला विचारायचं कुणी, ऑब्री?”

“विचारलं असतं, तर... तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून चारचौघांत कोंडीत पकडलंस?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “चुकलो, यूनिस. आत्ताच सांगतो सगळ्यांना, की—”

“सांगू नकोस. विचार!”

ऑब्रीने वाजवायच्या काठ्या खाली ठेवल्या, परत उचलल्या. मागून बँडचा म्हातारा ढोलवाला क्लाइड खेकसला, “अरे, बोल ना मेल्या!”

“यूनिस... राहशील? माझ्यासोबत?”

आवाज इतका बारीक, की स्टेजजवळच्यांनाही ऐकू गेला नसेल. ‘नाही’ तिच्या ओठांवर तयार होतं. पण नुसता आवाज करणारा हा माणूस आज पहिल्यांदा तिला विचारत होता.

“आईची समजूत मी घालीन,” ती पुटपुटली. “पण येत्या शनिवारी माझी ड्यूटी आहे... त्याच्या पुढचा चालेल?”