अब्रेहेतच्या कवड्या

लेताय ती झोळी शिवायची दिवसाढवळ्या, दारात उन्हाला बसून. पण कोणी येताना दिसलं की अंगावरची पांढरी शाल ओढून मांडीवरचं काम झाकायची.

तिच्या लेकीला, रिशानला, पहिली मुलगी झाली होती. ऐंशीव्या दिवशी बाप्तिस्मा. त्या दिवशी आजीने शिवलेल्या झोळीतच बाळ पाठीशी बांधून चर्चला न्यायचं, ही त्या घराची रीत. शेळीचं कातडं लोणी चोळून मऊ झालेलं, लाल-निळे मणी तयार. अडलं होतं ते कवड्यांपाशी. अडवा शहराचा सगळा बाजार पालथा घातला, तर सगळ्या मेल्या प्लॅस्टिकच्या! त्या लावल्या असत्या तर चार बायकांत लेतायला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

खऱ्या कवड्या घरातच होत्या. शेजारच्या अब्रेहेतच्या झोळीवर. दोन महिन्यांपूर्वी ती दुरुस्तीला टाकून गेली होती, हसत हसत.

"वरची कड बघ गं, चावून चोथा केलाय! खालचे दोन दात काय आले, कार्टी माझी पाठसुद्धा सोडत नाही."

त्याच आठवड्यात तिची लेक किसानेत तापाने गेली. सात महिन्यांची पोर.

पंधरा दिवसांनी अब्रेहेत दारात आली. "झोळी आहे तशीच दे, लेताय. उशाशी ठेवीन."

लेतायने आदल्याच दिवशी कवड्या उसवून कातडं चुलीत घातलं होतं. "अगं, उंदरांनी कुरतडली बाई... टाकून दिली."

अब्रेहेतने उलट हिचाच हात दाबला. "जाऊ दे. तू तरी काय करणार?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लेतायला त्या दिवशी घास गिळवला नाही. तरी दुपारी तिने आरी उचललीच. माणसाची लाज अशीच असते, आतून पोखरते आणि हात मात्र चालूच ठेवते.

मग एका सकाळी झोळीच्या वरच्या कडेचे मणी ओले दिसले. तिने पुसले. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओले. हुंगले तर दुधाचा आंबूस वास.

शिवण संपली त्या दुपारी पट्ट्यांची लांबी बघायला तिने रिकामी झोळी पाठीशी बांधली. बाहेर ऊन रखरखत होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. पाठ हळूहळू गरम झाली. पट्टे खांद्यात रुतू लागले... आणि तिचा हात आपसूक मागे गेला, थोपटू लागला. किती वेळ कोण जाणे. भानावर येऊन तिने हात थांबवला, तर मागून बारीक कुरकुर आली.

गाठ सोडून ती तशीच अब्रेहेतकडे धावली. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे. अब्रेहेतने कॉफीचे दाणे भाजले, समोर बसवलं. पहिला कप झाला, दुसरा झाला, निरोपाचा तिसराही झाला. लेताय कपाच्या तळाशी बघत राहिली आणि उठून घरी आली. झोळी जाळायलाही तिचा जीव धजला नाही. बाप्तिस्मा दोन दिवसांवर होता.

चर्चच्या आवारात बायकांनी रिशानला गराडा घातला. "हात आहे बाई लेतायचा!" लेताय मान खाली घालून उभी. बाळ झोळीत गाढ झोपलेलं.

"आई," रिशान कुजबुजली, "पाठीला काहीतरी टोचतंय. सुई राहिली का गं आत?"

लेतायने झोळी सैल करून लेकीची मान वाकवली. मानेखाली, पाठीवर दोन बारीक लाल खुणा. अगदी शेजारीशेजारी. तिने घाईने नातीच्या ओठांत बोट घातलं. हिरड्या कोऱ्या होत्या.

मागे अब्रेहेत उभी होती. तिने त्या खुणा पाहिल्या. मग कवड्यांवरून सावकाश बोटं फिरवली, एकेक करत.

"लेताय," ती अगदी हळू म्हणाली, "माझी ती झोळी... उंदरांनीच खाल्ली ना?"

आत्ता सांग, लेतायचं मन ओरडत होतं, आत्ता तरी सांग. चारी बाजूंनी बायका बघत होत्या.

"हो," लेताय म्हणाली.

"आई गं!" रिशान कळवळली. "पुन्हा चावलं!"

बाळ झोपलेलंच होतं. अब्रेहेतचे डोळे भरून आले. तिने झोळीवर हात ठेवला आणि थोपटू लागली, बाळाच्या पाठीवर नव्हे... त्याच्या शेजारी.