डावी बाही

दिवा तेवढाच राहू दे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो.

आपला नळवाला तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसभर लोकांचं पाणी बंद करत फिरायचं आणि संध्याकाळी गाणाऱ्यांच्या वृंदात उभं राहून पाण्याचीच गाणी म्हणायची, असला वल्ली. तो आणि त्याचा थोरला भाऊ शेजारी शेजारी उभे राहायचे. शेवटचं गाणं संपताना एक लांब सूर धरायचा असतो. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो, म्हणून शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांभाळायचं. या भावांची खूण ठरलेली. कोपराला एक बोट लावलं, की 'तू श्वास घे, मी धरतो'. दोन लावली, की 'आता तू धर'.

मागच्या वर्षी थोरला तळ्यावर गेला. होडी सापडली. तो नाही. आई म्हणायची, "माझं लेकरू कामाला लागलंय कुठंतरी. येईल." तिच्यापुढं घरात कुणाला रडायचीही सोय नव्हती. धाकट्याचा जीव त्यातच तुटायचा. तिला सांगायचं कुणी आणि कसं?

यंदा नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम होता. गाणं बसवणाऱ्या बाईंचा दुपारीच निरोप आला, "मागचा नळ गळतोय, टपटप ऐकू येते." धाकट्यानं जाऊन थेट टाकीचीच चावी बंद केली. इमारतीत थेंब येणार नाही अशी. मग कोट चढवून आपल्या जागी उभा राहिला. डावीकडची थोरल्याची जागा बाईंनी रिकामी ठेवली होती. समोर पहिल्या रांगेत आई.

शेवटचं गाणं आलं. दिवे मंद झाले. लांब सूर लागला. धाकट्याचा दम संपत आला, आणि डाव्या कोपराला एक बोट लागलं.

गार.

सवयीनं त्यानं श्वास घेतला. मग आठवलं, डावीकडं तर कुणीच नाही. मान वळवायची छाती होईना.

बाईंनी मूठ मिटली. सगळे थांबले.

एक आवाज थांबला नाही.

खालचा. भरदार. डावीकडून... तुटेना. श्वासच घेईना.

आई उठून उभी राहिली.

"थोरल्या," ती म्हणाली, "कळलं रे मला. पुरे. सोड आता."

सूर थांबला...

धाकट्याच्या तोंडून हुंदका फुटणार, इतक्यात कोपराला पुन्हा स्पर्श झाला.

दोन बोटं.

तेव्हापासून तो तळ्याच्या वाटेनं जात नाही. हसतो, बोलतो. पण बोलता बोलता मध्येच गप्प होतो, छाती भरून घेतो आणि... सोडत नाही. आई धावत येऊन पाठीवर थाप मारते, तेव्हा सोडतो. म्हणून ती आता त्याला एकटं झोपू देत नाही.

तो कोट मीच शिवलेला, म्हणून माझ्याकडं आला. डावी बाही ओली होती. उन्हात टाकली, इस्त्री फिरवली. शेवटी बाही उसवून नव्या कापडाची लावली.

मागच्या खोलीत खुंटीला आहे. कोपरावर दोन बोटांएवढी जागा अजून ओली आहे. ज्याला खोटं वाटतं, त्यानं हात लावून यावं.

काय रे? कुणीच उठत नाही?